दहावा दिवस

सत्राच्या दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचला
मोजणी गोठते.
त्यानंतर कुणी आलं, गेलं, रडलं, विषय बदलला
तर तो पुढच्या खेपेचा आकडा.

बाहेर लेक सुपीरियर अजून गोठायचं आहे.
सप्टेंबर चालू आहे. धक्क्यावर लोहखनिजाचं जहाज
दुपारपासून भरतंय, त्याचा खडखडाट
बंद काचेतूनही आत येतो.

मी एल्व्हा रौतिओ. निबंधक कार्यालय, खिडकी दोन.
अकरा वर्षं हीच शिरगणती करते आहे,
कोण काय शिकतंय आणि कितीजण.
परिचर्या तीनशे बारा.
हिशेबशास्त्र एकशे शेहेचाळीस.
दोन मुख्य विषय घेणारा दोन्हीकडे अर्धा धरायचा,
म्हणून तत्त्वज्ञान साडेतीन.
शहाणे तेवढेच असतात म्हणा.
त्यातल्या अर्ध्याचा उरलेला अर्धा वनशास्त्रात आहे,
चिखलाचे बूट घालून येतो,
फरशीवर मात्र पूर्ण उमटतो.

'अजून ठरलं नाही' दोनशे नऊ.
ही ओळ डीनना खुपते.
मला त्या ओळीपाशी जरा टेकावंसं वाटतं.

आणि भूशास्त्र पाच.
पाचाखाली गेलं की विभागावर रेघ,
असा ठराव उन्हाळ्यात झाला.
दोन प्राध्यापक, खडकांची नऊ कपाटं,
एक जुनी व्हॅन, तिचं मागचं दार दोरीने बांधलेलं.

पाचाला वीस कमी असताना टोबिन लाहती आला.
हातात अर्ज. भूशास्त्रातून हिशेबशास्त्रात.
सल्लागाराची सही होती, तारीख होती,
कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

मी म्हटलं, शिक्का शोधते.

शिक्क्याचं यंत्र माझ्या कोपरापाशीच होतं.
मी खालचा खण उघडला. मग वरचा.
मग कारण नसताना पुन्हा खालचा.
तो उभा होता, निवांत.
माझ्या कागदांवरचा दगड उचलून
त्याने खिडकीच्या उजेडात धरला.

हा कुठे मिळाला?
किनाऱ्यावर, म्हटलं, कधीचाच.

बसाल्ट आहे, म्हणाला.
लाव्हा निवताना आत वाफेचे बुडबुडे अडकले,
ही त्यांची घरं. एकशेदहा कोटी वर्षं झाली असतील.
मग पाणी झिरपत राहिलं, एकेक थर देत गेलं,
आणि हे बघा, इथे, लाल,
हा अकीक. लोखंडामुळे लाल.
त्याने अंगठा थुंकीने ओला करून
त्या ठिपक्यावर घासला आणि माझ्यापुढे धरला.
मी चष्मा वर सरकवून पाहिलं.
मसुराएवढ्या जागेत अकरा वलयं होती.
की बारा. तिथेही माझं मोजणंच चालू.

मी विचारायला नको होतं, विचारलं.
मग हिशेबशास्त्र का?

त्याने दगड होता तिथेच ठेवला,
त्याच कागदावर, त्याच बाजूने.
आईची नोकरी एप्रिलमध्ये गेली, म्हणाला.
धाकटी दोघं आहेत.
आणि मला आकडे जमतात, तसं काही वाईट नाही.
हे शेवटचं माझ्यासाठी बोलला,
खण उघडझाक करणाऱ्या बाईला बरं वाटावं म्हणून.

घड्याळात तेव्हा सहा मिनिटं होती.
मग पाच. मग तीन.
मागच्या टेबलावरून डॅरिल म्हणाला,
एल्व्हा, शिक्का तुझ्या कोपराशी आहे.
भला माणूस. त्याला काय माहीत.

खट्.

टोबिनने आभार मानले, दार हळू लावलं.
पाचाला पडदा निळा झाला, आकडे स्थिर झाले.
हिशेबशास्त्र एकशे सत्तेचाळीस,
आणि तक्त्यात कुठेही लिहायची सोय नाही
की त्यातला एकजण थुंकी लावून
दगड जागा करतो.

सकाळी डीनचा फोन.
भूशास्त्र चार की पाच?
चार.
नक्की? अर्ज पाचाच्या आत आला होता?
मी अर्ज काढला, दगड बाजूला केला,
शिक्क्यावरची वेळ वाचून दाखवली,
चार अठ्ठावन्न.